अक्षरांमागचा सूर ओळखणारे यंत्र

मराठीत ‘ये’ हा एका अक्षराचा शब्द आहे. परंतु या एका अक्षरात किती अर्थ मावतात ते पाहा. नुसते ‘ये’ म्हटले तर बोलावणे, ‘ये ना’ म्हटले तर आर्जव, ‘ये हं’ म्हटले तर प्रेमाची आठवण, ‘ये बरं का’ म्हटले तर आग्रह, आणि ‘येच तू’ म्हटले तर हट्ट किंवा धमकी. रात्री बारा वाजता दारात उभा असलेला बाप ‘या, या, आपलीच वाट पाहत होतो’ असे मुलाला म्हणतो, तेव्हा तो स्वागत करीत नाही हे त्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. आपल्या क्रेओलमध्येही तसेच आहे. ‘विनी’ निराळे आणि ‘विनी दो’ निराळे. ‘आयो!’ हा उद्गार आनंदाचा, दुःखाचा की कंटाळ्याचा हे केवळ आवाजावरूनच कळते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या गोष्टीचा बारकाईने विचार केला होता. आवाजाच्या चढउतारामुळे वाक्याचा अर्थ पालटतो, या प्रकाराला भरताच्या नाट्यशास्त्रात ‘काकू’ असे नाव आहे. (आपल्या घरातली काकू वेगळी, पण तिचाही आवाज चढला की अर्थ बदलतोच!) पुढे रुद्रट या साहित्यशास्त्रकाराने वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगितले. त्यांपैकी एक श्लेषावर आणि दुसरा या काकूवर आधारलेला आहे. शब्द तेच राहतात, सूर बदलतो आणि अर्थ उलटा होतो.

आता प्रश्न असा की, आवाजच काढून घेतला तर काय होईल? आज घराघरांत नेमके हेच झाले आहे. मुलगा पॅरिसला, मुलगी लंडनला, भाऊ ऑस्ट्रेलियात आणि आईवडील वाक्वा किंवा कास्कावेल येथे. संसाराचे निम्मे बोलणे टेलिफोनच्या पडद्यावर अक्षरांनी चालते. त्या अक्षरांना सूर नसतो. म्हणून गैरसमज होतात, मने दुखावतात, आणि कधीकधी महिनोन्महिने अबोला धरला जातो. या उणिवेवर उपाय म्हणून आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे पुढे आली आहेत. ‘हा संदेश रागाचा वाटतो’, ‘ही थट्टा असावी’, ‘हे वाक्य थोडे सौम्य करू का?’ असे ती सांगू लागली आहेत. ही यंत्रे काय करतात, कोणाच्या खरोखर उपयोगी पडतात आणि कोठे सांभाळून राहावे, याचा विचार आपण येथे करू.

पत्रातला मायना आणि पडद्यावरचे ‘ओके’

पत्रांच्या काळात सुराची सोय मायन्यातच केलेली असे. ‘ती. बाबांच्या चरणी साष्टांग नमस्कार’ किंवा ‘चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद’ असा आरंभ झाला की पुढचा मजकूर कोणत्या भावनेने वाचायचा हे वाचणाऱ्याला कळे. पुढे चार शब्द रागाचे आले तरी ते आशीर्वादाच्या छत्रीखाली येत. शेवटी ‘प्रकृतीस जपावे’ हे असेच. मायना म्हणजे केवळ रीत नव्हती. तो पत्राचा षड्ज होता.

आजच्या संदेशाला मायना नाही आणि शेवटही नाही. आई चार ओळी लिहिते, मुलगा उत्तर देतो, ‘ओके.’ मुलाच्या मनात काही नसते. तो बसमध्ये चढत असतो. आईला वाटते, मुलगा तुटक वागला. गंमत अशी की या ‘ओके’पुढच्या पूर्णविरामावरही संशोधन झालेले आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ साली १२६ विद्यार्थ्यांना काही संवाद वाचायला दिले. टेलिफोनवरील संदेशात एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल तर ते उत्तर कमी मनापासूनचे वाटते असे दिसून आले. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असले तर असा फरक पडला नाही. शाळेत मास्तरांनी पूर्णविराम नसला की गुण कापले. आता पूर्णविराम दिला तर माणूस रागावला असे तरुण मंडळी समजतात!

याहून महत्त्वाचा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना उपरोधाची आणि सरळ अशी दोन्ही प्रकारची वाक्ये दुसऱ्याला कळवायला सांगितली. काहींना आवाजाने, काहींना ई-मेलने. समोरच्याने त्यांतली उपरोधाची कोणती आणि सरळ कोणती ते ओळखायचे होते. आपला हेतू शंभरातल्या ७८ वेळा तरी कळेल असा पाठवणाऱ्यांचा दोन्ही बाबतींत अंदाज होता. प्रत्यक्षात आवाजाने तो ७३ वेळा कळला, पण ई-मेलने केवळ ५६ वेळा. दोनच पर्याय असताना नुसते नाणे उडवले तरी ५० वेळा उत्तर बरोबर येते, हे लक्षात घेतले म्हणजे ५६ हा आकडा किती केविलवाणा आहे ते कळेल. कारण साधे आहे. लिहिताना आपल्या कानात आपलाच आवाज घुमत असतो. तो कागदावर किंवा पडद्यावर उतरलेला नाही हे आपल्याला जाणवतच नाही.

चिन्हांनी काय साधले?

अक्षरांना सूर देण्याची धडपड जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५८०च्या सुमारास, इंग्लंडमधील मुद्रक हेन्री डेनम याने उत्तराची अपेक्षा नसलेल्या प्रश्नासाठी उलटे प्रश्नचिन्ह छापून पाहिले. फ्रान्समध्ये आल्काँतेर द ब्राम या कवीने १८९९ साली उपरोधासाठी खास चिन्ह सुचवले. आपल्यापैकी अनेकांनी ज्यांच्या कादंबऱ्या फ्रेंचमध्ये वाचल्या असतील त्या एर्व्हे बाझाँ यांनी १९६६ साली उपरोध, संशय, प्रेम अशा भावनांसाठी निरनिराळी विरामचिन्हे सुचवली. यांपैकी एकही रूढ झाले नाही.

रूढ झाले ते एका संगणकशास्त्रज्ञाचे साधे चित्र. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे स्कॉट फालमन यांनी सुचवले की, थट्टेने लिहिलेल्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस मांडावा; मान वाकडी करून पाहिले की हसरा चेहरा दिसतो. विद्यापीठाच्या संगणकावरील चर्चेत थट्टा खरी मानली जाऊन वाद होत होते, त्यावर हा उतारा होता. १९९९ साली जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी एन.टी.टी. डोकोमो या कंपनीच्या फोनसाठी १७६ चिमुकली चित्रे तयार केली आणि २०१० साली अशा चित्रांना युनिकोड या जागतिक लिपिसंचात स्थान मिळाले. हीच आजची ईमोजी.

परंतु चित्रांनीही प्रश्न सुटला नाही; काही ठिकाणी तो वाढला. जोडलेले हात आपल्याला नमस्काराचे वाटतात, जपानी माणसाला ते आभाराचे किंवा विनंतीचे. कवटीचे चित्र पाहून आजी घाबरते. नातवाला मात्र ‘हसून हसून मेलो’ एवढेच म्हणायचे असते. वर केलेल्या अंगठ्याचा तर कॅनडात खटला झाला. एका धान्य-व्यापाऱ्याने जवसाच्या खरेदीचा करार फोनवर पाठवला, शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. ‘करार पोचला’ एवढेच मला सांगायचे होते, असे शेतकऱ्याचे म्हणणे. सस्कॅचवानच्या न्यायालयाने २०२३ साली तो अंगठा म्हणजे मान्यता ठरवली आणि शेतकऱ्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यावी लागेल असा निर्णय दिला. वरच्या न्यायालयानेही २०२४ साली तो कायम ठेवला. एका अंगठ्याची किंमत एवढी! एकलव्याच्या अंगठ्यानंतर इतका महाग अंगठा क्वचितच कोणी दिला असेल.

अंध वाचकांची अडचण आणखी निराळी आहे. त्यांचा फोन पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. कोणी दहा हसरे चेहरे ओळीने पाठवले तर त्या चित्राचे वर्णन फोन पुन्हा पुन्हा वाचत बसतो आणि मूळ निरोप मध्येच हरवतो. म्हणजे एकाच्या सोयीचे साधन दुसऱ्याची अडचण होते.

यंत्र सूर कसा ताडते?

यंत्राला भावना नसतात. त्याला उदाहरणे असतात. २०२० साली गूगलच्या संशोधकांनी इंटरनेटवरील सुमारे ५८ हजार इंग्रजी अभिप्राय गोळा केले आणि प्रत्येकात कौतुक, राग, कृतज्ञता, खंत अशा २७ भावनांपैकी कोणती आहे, किंवा काहीच नाही, ते माणसांकडून ठरवून घेतले. ही ठरवणारी माणसे इंग्रजी मातृभाषा असलेली भारतातली होती आणि अभिप्राय मुख्यतः अमेरिकेकडच्या चालीचे होते. एका गावच्या थट्टेवर दुसऱ्या गावच्या माणसाने शिक्का मारावा, तसे काहीसे हे झाले. अशा शिक्का मारलेल्या उदाहरणांवरून यंत्र शिकते की अमुक शब्द अमुक शब्दांच्या शेजारी आले तर बहुधा अमुक भावना असते. ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि चित्र पालटले. या नव्या यंत्रांनी अफाट मजकूर वाचलेला असतो, त्यामुळे ती नुसता शिक्का मारत नाहीत, कारणही सांगतात. ‘वाक्यात “तरी” हा शब्द आल्यामुळे मागच्या वेळची तक्रार सूचित होते’, असे ती समजावून देऊ शकतात. ग्रामरली या लेखनसाहाय्यकाने सूर दाखवण्याची सोय २०१९ सालीच सुरू केली होती. ॲपलने २०२४ साली आपल्या फोनमध्ये लिहिलेला मजकूर अधिक स्नेहाचा, अधिक व्यावसायिक किंवा अधिक आटोपशीर करून देणारी साधने घातली. ‘गॉब्लिन टूल्स’ नावाच्या साधनसंचात तर एक खास ‘न्यायाधीश’ आहे; संदेश त्याच्यापुढे ठेवला की तो कोणत्या सुरातला वाटतो ते सांगतो. हा संच मेंदूची घडण थोडी निराळी असलेल्या लोकांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे.

खरी गरज कोणाला?

आपल्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने ही सोय आहे. काहींच्या दृष्टीने मात्र ती कुबडीइतकी आवश्यक आहे. ऑटिझम, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, ती असलेल्या अनेकांना शब्दांचा सरळ अर्थ चटकन कळतो; आडवळणाचा अर्थ शोधायला मात्र कष्ट पडतात. कचेरीतील वरिष्ठाने ‘सवड मिळाली तर पाहा’ असे लिहिले तर त्याचा अर्थ ‘आजच पाहा’ असा असू शकतो, हे त्यांना कोणी सांगावे? दर वेळी शेजारच्याला विचारणे लाजिरवाणे वाटते. यंत्राला दहा वेळा विचारले तरी ते हसत नाही.

ज्या कार्नेगी मेलन विद्यापीठात हसरा चेहरा जन्मला त्याच विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली नोकरी करणाऱ्या ११ स्वमग्न व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कचेरीतल्या बोलण्याच्या अडचणींवर त्यांना एकदा यंत्राकडून आणि एकदा माणसाकडून सल्ला देण्यात आला. त्यांनी यंत्राला स्पष्ट पसंती दिली. परंतु अशा व्यक्तींना मार्गदर्शन करणाऱ्या जाणकाराने तेच संवाद वाचले तेव्हा यंत्राच्या काही सल्ल्यांविषयी त्याला शंका वाटली. गोड वाटलेला सल्ला योग्यच असतो असे नाही, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आहेच.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्रिटनमधील डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ साली असे मांडले की, गैरसमज एकतर्फी नसतो. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे आपण म्हणतो, पण इतरांनाही त्याचे मन कळत नाहीच. तेव्हा यंत्राने केवळ त्या माणसाला आपल्यासारखे बोलायला शिकवावे हे अर्धेच काम झाले. त्याचा सरळ, बिनसाखरेचा संदेश उद्धट नसतो, हे आपल्यालाही यंत्राने सांगायला हवे.

बहिऱ्या मंडळींसाठीही वाट मोकळी होत आहे. चित्रफितीखाली शब्द उमटवण्याची सोय जुनी आहे. पण बोलणारा ओरडला की कुजबुजला हे त्यातून कळत नसे. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये अँड्रॉइड फोनसाठी जी नवी सोय आणली तीत मोठ्याने उच्चारलेले इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत येतात आणि उसासा, टाळ्या यांचीही नोंद होते. प्रारंभी ती इंग्रजीपुरतीच आली. तरी ज्याने जन्मात आवाज ऐकला नाही त्याला आवाजातला राग डोळ्यांनी दिसावा, ही लहान गोष्ट नव्हे.

मराठीचे आणि क्रेओलचे काय?

वर सांगितलेले बहुतेक काम इंग्रजीत झालेले आहे. मराठीत ते सुरू झाले आहे, पण शिदोरी लहान आहे. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ साली सुमारे १६ हजार मराठी ट्वीट जमवून त्यांची अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ अशी विभागणी प्रसिद्ध केली. मराठी यंत्रांना हा मोठाच आधार झाला. परंतु तीन कप्प्यांत मराठी मन मावेल काय? ‘शहाणा आहेस!’ हे वाक्य कोणत्या कप्प्यात टाकायचे? शब्द स्तुतीचा, अर्थ बहुतेक वेळा उलटा. ‘काही नको हो मला’ असे आई लिहिते, तेव्हा तिला काही नको असते की कोणी विचारले नाही याचे दुःख असते, हे ट्वीट वाचून शिकलेल्या यंत्राने कसे सांगावे?

क्रेओलची गोष्ट आणखी अलीकडची. आपल्या प्राथमिक शाळांत क्रेओल २०१२ साली आली आणि गूगलच्या भाषांतरसेवेत मॉरिशसची क्रेओल २०२४ साली दाखल झाली. शिवाय आपण संदेश लिहितो ते एका भाषेत कोठे? आरंभ ‘नमस्कार’ने, मध्ये क्रेओल, तारीख फ्रेंचमध्ये, शेवट ‘लव्ह यू’, आणि मराठी शब्द रोमन लिपीत. अशा चौपदरी वाक्यापुढे यंत्र गोंधळले तर नवल नाही.

भाषांतरात सर्वांत नाजूक जागा सर्वनामाची. इंग्रजीत एकच ‘यू’. क्रेओलमध्ये ‘तो’ आणि ‘ऊ’, फ्रेंचमध्ये ‘त्यु’ आणि ‘व्हू’, मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीतून मराठी करताना यंत्राला यांतले एक निवडावेच लागते आणि नाते ठाऊक नसेल तर ते अंदाजाने निवडते. पुण्याच्या थोरल्या काकांना ‘तू कधी येशील?’ असे गेले तर काय होईल ते सांगायला नको. पण उलट चूकही तितकीच वाईट. कित्येक मराठी घरांत वडिलांना ‘अहो बाबा’ आणि आईला ‘अगं आई’ म्हणतात. देवाला तर सर्वच जण ‘तू’ म्हणतात. हे ‘तू’ अनादराचे नाही, जवळिकीचे आहे. एखाद्या आज्ञाधारक यंत्राने आईच्या पत्रातले ‘तू’ सुधारून ‘आपण’ केले तर व्याकरण सभ्य होईल आणि आई परकी होईल.

आता एक साधे उदाहरण घेऊ. समजा, गणेशोत्सवाच्या तयारीसाठी मंडळाच्या गटावर कोणी लिहिले, ‘या वेळी तरी लवकर या.’ लिहिणाऱ्याला घाई आहे, त्याला फक्त मखराची चिंता आहे. पण ‘तरी’ या दोन अक्षरांत गेल्या वर्षीचा सगळा हिशेब आला. जे गेल्या वर्षी उशिरा आले ते दुखावतात, त्यांची भावकी दुखावते, आणि पुढच्या वर्षी दोन मखरे होतात. पाठवण्यापूर्वी यंत्राला ‘हे वाक्य कोणाला लागेल काय?’ असे विचारले असते तर त्याने त्या ‘तरी’वर बोट ठेवले असते. ‘सर्वजण सातला आलो तर मखर वेळेत होईल’ असे लिहिले की काम तेच आणि डंख नाही. एवढ्यापुरता यंत्राचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

उसन्या गोडव्याचा धोका

परंतु यंत्राने सुधारलेला सूर हा आपला सूर राहतो काय? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे बोलका आहे. यंत्राने सुचवलेली तयार उत्तरे वापरली तेव्हा संवाद जलद झाला, भाषा अधिक गोड झाली आणि समोरच्यालाही तो माणूस अधिक जवळचा वाटला. पण समोरचा यंत्राची उत्तरे वापरतो आहे असा ज्यांना नुसता संशय आला, त्यांचे त्याच्याविषयीचे मत खाली आले. गोडवा लाभतो, पण तो उसना आहे असे कळले की कडू होतो.

शोकाच्या प्रसंगी तर हे फार जपावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यानंतर व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी महाविद्यालयातील एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना सांत्वनाचा संदेश पाठवला. संदेशाच्या तळाशी, हा मजकूर चॅटजीपीटीच्या साहाय्याने केला आहे अशी नोंद होती. विद्यार्थी संतापले आणि कार्यालयाला क्षमा मागावी लागली. मजकुरात शब्द चुकीचे नव्हते. पण दुःखाच्या वेळी माणसाला शब्द नको असतात. कोणीतरी आपल्यासाठी थोडा वेळ मोडला, एवढेच त्याला हवे असते. ‘काय बोलावे कळत नाही, पण तुझी आठवण येते आहे’ हे अडखळलेले वाक्य यंत्राच्या दहा घोटीव ओळींपेक्षा मोलाचे आहे.

दुसरा धोका खाजगीपणाचा. सुनेचा किंवा मित्राचा संदेश आपण यंत्रापुढे ठेवतो, तेव्हा त्याच्या घरची गोष्ट तिसऱ्याच्या हाती देतो. आपल्या देशात २०१७ सालचा विदासंरक्षण कायदा आहे; परंतु घरातल्या गोष्टी घरात ठेवण्याचा कायदा त्याहून जुना आहे. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यानुसार २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी व शिक्षणसंस्थांत चेहरा, आवाज यांवरून माणसाची भावना ताडणाऱ्या यंत्रणांस वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता मनाई आहे. नोकराच्या आवाजातली नाराजी मालकाच्या यंत्राने मोजावी, हे तेथील लोकप्रतिनिधींना धोक्याचे वाटले. यंत्र मला दुसऱ्याचे मन समजावून देत असेल तर ते साहाय्य. माझे मन मला न विचारता दुसऱ्याला सांगत असेल तर ती हेरगिरी.

तिसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. सगळ्यांनी आपापले वाक्य एकाच यंत्रातून घोटून घेतले तर सगळ्यांचे बोलणे एकसारखे होईल. आजोबांचे तिरकस बोलणे, आत्याचे कानउघाडणी करणे, मामांचे ‘काय म्हणतोस रे गाढवा’ ही त्या त्या माणसाची ओळख आहे. त्यांचे संदेश सौम्य करून घेतले तर गैरसमज कमी होतील हे खरे. पण आजोबा कोणते आणि बँकेचा कारकून कोणता हे कळणार नाही.

मग करावे काय?

यंत्राला ‘त्याच्या मनात काय आहे?’ असे विचारू नये. ते त्याला ठाऊक नाही. ‘हे वाक्य किती तऱ्हांनी वाचता येईल?’ असे विचारावे. त्याने तीन अर्थ सांगितले आणि त्यांतला एक निरुपद्रवी निघाला, तर निम्मा राग तेथेच उतरतो.

भाषांतर करून घेताना नाते सांगावे. ‘हे पत्र मी वयाने मोठ्या चुलत्यांना लिहीत आहे, मराठीत त्यांना अहो-जाहो करतो’ एवढे लिहिले की यंत्राचे काम पुष्कळ सुधारते. तरीही शेवटी मराठी जाणणाऱ्या माणसाच्या नजरेखालून ते घालावे. घरात आजी असेल तर तिच्याइतका उत्तम परीक्षक नाही, आणि तिलाही त्या निमित्ताने कोणी विचारले असे वाटते.

दुसऱ्याचा संदेश यंत्रापुढे ठेवण्यापूर्वी नाव-गाव काढून टाकावे. घरात किंवा कचेरीत कोणी स्वमग्न, बहिरे किंवा भाषेत नवखे असेल तर आडवळणाने लिहू नये. थट्टा असेल तर ‘ही थट्टा आहे’ असे लिहावे. त्याने विनोद थोडा बिघडेल, नाते बिघडणार नाही. चित्रे पाठवायचीच तर एखादे पुरे. आणि शोकाचा, क्षमेचा व मनापासूनच्या आभाराचा संदेश स्वतःच लिहावा, मोडकातोडका असला तरी.

सर्वांत जुना उपाय मात्र आजही सर्वांत सोपा आहे. ज्या फोनवर आपण तासभर अक्षरे टिपत बसतो त्याच फोनवरून बोलताही येते, आणि समोरचा कामात असेल तर आपला आवाज मुद्रित करून पाठवताही येतो. दोन संदेशांत राग वाढू लागला असे दिसले की तिसरा संदेश लिहू नये. सरळ फोन लावावा. भरताने सांगितलेली काकू त्या आवाजात असते. ती ओळखायला आपल्या माणसाचा कान पुरतो.